ताफा पुढे गेला आणि तिघं शेतात राहिले

प्रश्न असा आलाय: "एका आमदाराच्या दुसऱ्या टर्मच्या निवडणुकीवर वेब सिरीज लिहितेय. अभ्यास म्हणून 'द वेस्ट विंग' या व्हाइट हाऊसवरच्या अमेरिकन मालिकेच्या चौथ्या सीझनचा पहिला एपिसोड पाहिला. राष्ट्राध्यक्ष पुन्हा उभा आहे, प्रचार ऐन रंगात आहे, आणि लेखक मात्र तीन महत्त्वाची माणसं इंडियानातल्या शेतात सोडून देतो आणि दोन तास ती घरी परत जायची धडपड करत राहतात. एवढा मोठा सीझन ओपनर असा का लिहिला? मी माझा पहिला एपिसोड मोठ्या सभेने उघडणार होते, ते चूक आहे का?"

मी वीसेक वर्षं मालिकांच्या पटकथा लिहितोय, त्यातली तीनेक राजकारणावरच्या कथानकांवर गेली, आणि हा एपिसोड मी किती वेळा पाहिलाय ते मोजलेलं नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सभेने उघडणं चूक नाही. पण सभेने उघडून तुम्ही पहिल्या टर्मची गोष्ट सांगाल, दुसऱ्या टर्मची नाही. पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस निवडून येईल का, हा प्रश्न प्रेक्षकाला पुरतो. जो ऑलरेडी खुर्चीत बसलाय त्याच्या बाबतीत तो प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न असा की खुर्चीत बसल्यापासून या माणसाला आणि त्याच्या माणसांना ऐकू यायचं कमी झालंय का. पुन्हा निवडणूक लढवणाऱ्याची गोष्ट म्हणजे माझ्या मते कानांची गोष्ट, आणि तो एपिसोड सगळा त्यावरच उभा आहे.

थोडं मागचं सांगतो, कारण हा एपिसोड सुटा बघितला की निम्मं हातातून जातं. सिरीज एनबीसीवर सप्टेंबर १९९९ ते मे २००६ चालली, सात सीझन. पहिले चार सीझन मुख्यतः आरन सॉर्किनने लिहिले आणि मग तो बाहेर पडला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, मे २००१ मध्ये, देशाला कळतं की राष्ट्राध्यक्ष बार्टलेटने स्वतःचा आजार, मल्टिपल स्क्लेरॉसिस, लपवला होता, आणि पत्रकार विचारतात की तुम्ही परत उभे राहणार का. तो खिशात हात घालतो, किंचित हसतो, एपिसोड संपतो. तिसऱ्या सीझनची सुरुवात 'मँचेस्टर' या दोन भागांनी झाली, ऑक्टोबर २००१. (त्याच्या आदल्या आठवड्यात ११ सप्टेंबरच्या पार्श्वभूमीवर एक वेगळाच स्पेशल एपिसोड घाईने करून दाखवला होता, तो कथानकाच्या बाहेरचा आहे, तो सोडून द्या.) आणि चौथ्या सीझनची सुरुवात म्हणजे तुम्ही बघितलेला, '२० अवर्स इन अमेरिका', २५ सप्टेंबर २००२ ला एकाच रात्री सलग दोन तास दाखवलेला.

म्हणजे एकाच निवडणुकीवर लागोपाठ दोन सीझन ओपनर आहेत. हे दोन्ही शेजारी ठेवून बघा, तुमचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.

'मँचेस्टर' उमेदवारीच्या घोषणेबद्दल आहे. न्यू हॅम्पशायर, बार्टलेटचं स्वतःचं राज्य, तिथला तो माजी गव्हर्नर. प्रचारासाठी बाहेरून ब्रुनो जियानेली नावाचा स्ट्रॅटेजिस्ट आणलाय, त्याची माणसं आलीयत, आणि जुनी टीम त्यांच्याकडे घरात घुसलेल्या पाहुण्यांसारखं बघतेय. भाषणात आजार लपवल्याबद्दल माफी मागायची का नाही, यावर वाद चालतो. आणि त्या वादातून हळूच लक्षात येतं की लोकांची माफी राहू दे, या माणसाने अजून आपल्या स्वतःच्या टीमची माफी मागितलेली नाही. शेवटी तो ती मागतो, सभेच्या आधी, बंद जागेत, मोजक्या माणसांसमोर. सभा त्याच्यानंतर होते. बघा, लेखकाने घोषणेच्या एपिसोडमध्येसुद्धा गोष्टीचा कणा सभेत ठेवला नाही, सभेच्या मागच्या खोलीत ठेवला.

बरं, आता इंडियाना.

बार्टलेट एका फार्मवर भाषण देतो. टोबी (भाषणं आणि कम्युनिकेशन सांभाळणारा), जोश (डेप्युटी चीफ ऑफ स्टाफ) आणि जोशची असिस्टंट डॉना, तिघं बोलण्याच्या नादात राहतात आणि ताफा निघून जातो. लोकांना हे फिल्मी वाटतं. पण ताफ्याबरोबर फिरलेल्या कुणालाही विचारा, मुख्य माणूस गाडीत बसला की ताफा हलतो, तो कुणासाठी थांबत नाही, आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत तर सुरक्षेचाच प्रश्न असतो, तिथे भाषण लिहिणाऱ्याला मोजत बसायला कुणाला वेळ आहे. मग सुरू होतो प्रवास: शेतकऱ्याची मुलगी कॅथी (एमी अ‍ॅडम्स, तेव्हा तिला फारसं कुणी ओळखत नव्हतं), मग टायलर नावाचा एक स्वयंसेवक पोरगा, त्याच्या डोक्यात निवडणुकीपेक्षा मैत्रिणीशी झालेलं भांडण जास्त, मग आणखी कोण कोण.

त्यातला वेळेचा घोळ बारकाईने बघा, कारण तो नुसता विनोद नाही. त्यांचं घड्याळाचं गणित चुकतं कारण वाटेत काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) बदलते आणि काउंटीबरोबर वेळ बदलते. हे लेखकाने कल्पनेतून काढलेलं नाही. २००२ साली इंडियानाचा बराचसा भाग उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतच नव्हता, काही काउंट्या करत होत्या, काही तर दुसऱ्याच टाइम झोनमध्ये होत्या, आणि अख्ख्या राज्याने घड्याळ बदलायला सुरुवात केली ती २००६ मध्ये. म्हणजे अख्खा देश चालवणारी, कुठलाही आकडा तोंडपाठ सांगणारी ही माणसं, आणि ज्या राज्यात आत्ता उभी आहेत तिथे किती वाजलेत ते त्यांना माहीत नाही. हे वाक्य एपिसोडमध्ये कुणी बोलत नाही, ते घडतं फक्त. लेखक म्हणून मला हेवा वाटतो तो याचा, की एवढी मोठी गोष्ट सांगायला त्याने त्या जागेचीच एक खरी, रोजची, तिथल्या पोरालाही ठाऊक असलेली अडचण उचलली. तुमच्या मतदारसंघात अशी गोष्ट काय आहे ते शोधा. पाण्याचा टँकर कुठल्या वारी येतो, शेवटची एसटी कितीला सुटते, शेताची लाईट रात्रीची असते का दिवसाची, हे आमदाराच्या पीएला माहीत नसणं म्हणजे तुमचा टाइम झोन.

कॅथीचं प्रकरण त्याहून महत्त्वाचं. ती यांना सांगायचा प्रयत्न करते की कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या शेतीची हालत काय आहे. तिने दुसरी नोकरी धरलीय, कशासाठी, तर बापाला तिच्या विम्याचं कव्हर मिळावं म्हणून. आणि यांचं उत्तर काय, तर इंडियाना आपण हरल्यातच जमा आहे. आकड्यांनी बघितलं तर ते बरोबर बोलतायत! १९६४ ला जॉन्सन जिंकला, त्यानंतर १९६८ पासून २००४ पर्यंत प्रत्येक राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत इंडियाना रिपब्लिकनांकडेच गेलं, थेट २००८ ला ओबामाने ते मोडलं. बार्टलेटच्या डेमोक्रॅट प्रचारयंत्रणेने तिथे पैसा आणि वेळ घालवायचा नाही हे शहाणपणच होतं. सीन चांगला होतो तो याच्यामुळे. पात्रं मूर्ख असती तर आपण त्यांच्यावर हसून मोकळे झालो असतो. ती बरोबर आहेत, हुशार आहेत, आणि तरी समोरच्या माणसाशी वागताना चुकतायत. आपल्याकडे नवे लेखक नेहमी पीएला किंवा कार्यकर्त्याला उर्मट करून टाकतात. उर्मट नका करू. त्याला बूथवार याद्या पाठ असू देत, या वस्तीत आपल्याला मतं नाहीत हे त्याला अचूक ठाऊक असू दे, आणि त्या अचूकपणामुळेच त्याचं त्या वस्तीतल्या बाईकडे लक्ष नसू दे.

दिवसभर टोबी आणि जोश आपापसात प्रचारावरून भांडत असतात, विरोधक रिचीला कसं हाताळायचं, आपण विद्वान दिसायचं का साधं दिसायचं, वगैरे वगैरे. शेवटाकडे डॉना त्यांना थांबवते. ती ओरडत नाही. ती हिशोब मांडते: आज आपण आठ वेगवेगळ्या वाहनांतून आलो, सहा अनोळखी लोकांनी आपल्यावर उपकार केले, आणखी बारा जणांशी गप्पा झाल्या, आणि बार्टलेट विरुद्ध रिची हा विषय तुमच्या दोघांशिवाय एकानेही काढला नाही. जत्रेची तुम्ही टर उडवलीत, पण तिथे सगळ्यात मोठ्या टोमॅटोला बक्षीस असतं, लोकांना आपण पिकवलेल्याचा अभिमान असतो, ते तुम्ही पाहिलं नाहीत. आणि मग म्हणते की आज जी मुलं मारली गेली त्यांच्या आईवडिलांना मी तुमच्या वतीने पत्रं लिहितेय, मला टेबल मोकळं करून द्या.

शेवटच्या वाक्यासाठी संदर्भ: त्याच दिवशी केनिसन स्टेट युनिव्हर्सिटी नावाच्या (काल्पनिक) विद्यापीठात पाइप बॉम्ब फुटलेत आणि ४४ माणसं गेलीत.

या भाषणातलं तंत्र बघा. आठ, सहा, बारा. उपदेश एका शब्दाचा नाही. ती जे मोजते ते आपण गेला दीड तास डोळ्यांनी बघितलंय, म्हणजे तिच्या तोंडून आपल्यालाच आपला एपिसोड परत ऐकवला जातो आणि आपण चमकतो, कारण आपणही ती वाहनं आणि ती माणसं गंमत म्हणूनच बघत होतो. आणि तिच्या हातात काम आहे. ती रिकामी उभी राहून यांना सुनावत नाहीये, ती पत्रं लिहितेय, तिला टेबल हवंय. संवाद लिहिताना एवढं एक पाळा, रागावलेल्या पात्राच्या हातात त्याचं नेहमीचं काम ठेवा.

आता तो बारचा सीन. मला आख्ख्या सिरीजमध्ये यापेक्षा चांगलं लिहिलेलं काही आठवत नाही, आणि हे मी विचार करून म्हणतोय.

एपिसोडच्या सुरुवातीला पैजेची एक गंमत पेरलेली आहे, तिच्यामुळे टोबीला स्वतःचं नाव सांगितलं की लगेच पुढे "मी व्हाइट हाऊसमध्ये काम करतो" हे जोडावं लागतं. शेतात, खेड्यात, परक्या माणसांसमोर हे ऐकायला अवघडलेलं आणि हास्यास्पद वाटतं, तेवढ्यासाठीच ते ठेवलंय असं आपल्याला वाटत राहतं. मग रात्र होते. बारमध्ये शेजारी एक माणूस येऊन बसतो, मुलीला नोत्र दाम युनिव्हर्सिटी दाखवायला आलेला. त्या दिवशी शेअर बाजार कोसळलाय, आणि मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे म्युच्युअल फंडात आहेत. तो बोलत जातो. वर्षाला ५५ हजार डॉलर कमावून महिन्याची जुळवाजुळव करताना नाकी नऊ येतील असं वाटलं नव्हतं, बायको आणखी २५ आणते. मुलगा सरकारी शाळेत, वर्गात ३७ पोरं, चित्रकला-संगीत शिकवतच नाहीत, आणि हा पोरगा असा की पियानोवरून उठवावा लागतो. आपण आपल्याच दारात घसरून पडलो तर काय, याचा अर्धा दिवस विचार करत असतो. आणि मग जे म्हणतो त्याचा आशय असा: हे अवघड असावंच, अवघड आहे ते मला आवडतं, पोरीला शिकवणं ही कर्तबगारीची गोष्ट आहे. फक्त थोडं सोपं हवं. थोडंसंच. सगळं त्या थोड्याशात आहे.

मग तो ओशाळतो, सॉरी म्हणतो, नाव सांगतो. आणि टोबी स्वतःचं नाव सांगतो, पुढे तेच पैजेचं वाक्य म्हणतो, मी व्हाइट हाऊसमध्ये काम करतो, आणि विचारतो की थोडा वेळ आहे का, तुम्हाला बिअर पाजायचीय.

तेच वाक्य. शब्द बदललेला नाही. सकाळी ते स्वतःची ओळख मिरवल्यासारखं वाटत होतं, रात्री ती एका नोकरदाराने दिलेली कबुली वाटते, की बाबा रे, तू जे सांगतोयस ते ऐकणं हीच माझी नोकरी आहे. आणि हे का साधलं? तर क्रमामुळे. दिवसभर तो आधी नाव सांगतो आणि मग समोरचा जे बोलेल ते ऐकल्यासारखं करतो. इथे आधी ऐकलं, पूर्ण ऐकलं, मध्ये तोंड घातलं नाही, समोरच्याने नाव सांगेपर्यंत थांबला, आणि मग स्वतःचं सांगितलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा सीन पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवतो, म्हणजे टोबी झालेल्या रिचर्ड शिफचा चेहरा बघता येतो, तो फक्त ऐकतोय.

हा क्रम माझ्या डोक्यात इतका का बसलाय त्याचं एक कारण आहे. एका मालिकेच्या अभ्यासासाठी मी मराठवाड्यातल्या एका उमेदवाराच्या ताफ्याबरोबर चार दिवस फिरलो होतो. विद्यमान आमदार, दुसऱ्यांदा उभे. तिसऱ्या दिवशी एका फाट्यावर चहाला थांबलो आणि मी आणि उमेदवाराच्या ऑफिसातला एक पोरगा मागे राहिलो, गाड्या गेल्या. टपरीवर पन्नाशीच्या एक मावशी होत्या. अर्धा तास त्या बोलत होत्या, मुलगी अकरावीला सायन्स घेऊन बसलीय, कॉलेज तालुक्याला, सकाळची एसटी भरून येते आणि फाट्यावर थांबतच नाही, मग पोरगी वडापने जाते, वडापचे रोजचे पैसे कसे काढायचे, पासाचे भरलेले तर वायाच. बोलता बोलता त्या आमच्यासाठी भजी तळायला लागल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुणाकडले? पोरगा म्हणाला, साहेबांकडले. मावशींनी झारा कढईत तसाच ठेवला, फडकं घेतलं आणि आमच्यासमोरचं स्वच्छ असलेलं फळकूट पुसायला लागल्या. "साहेबांचं काम चांगलं आहे" म्हणाल्या. एसटीचा विषय परत निघाला नाही. भजी आली, ती आम्ही गप्प बसून खाल्ली.

तो पोरगा चांगला होता हो. त्याने रात्री डायरीत एसटीचं लिहून घेतलेलं मी पाहिलं. पण त्या एका शब्दाने टपरीवर काय झालं ते मी जन्मात विसरणार नाही, आणि ते मी अजून कुठल्याही एपिसोडमध्ये नीट लिहू शकलेलो नाही, कारण प्रत्येक वेळी चॅनेलकडून आधी सभा मागितली गेली, मोठी गर्दी, ड्रोन शॉट, घोषणा. गर्दी दाखवायला माझा विरोध नाही. पण गर्दीत कुणी कुणाचं ऐकत नसतं, आणि तुमची गोष्ट ऐकण्याची आहे.

तुम्ही म्हणाल की दोन तास नुसता प्रवास कसा चालेल. तो नुसता प्रवास नाहीच. तिकडे वॉशिंग्टनमध्ये राज्यकारभार चालू आहे, आणि पुन्हा उभ्या राहणाऱ्याच्या गोष्टीत ही दुसरी बाजू लागतेच, कारण विरोधकाला फक्त प्रचार करायचा असतो आणि याला प्रचार करता करता देशही चालवायचा असतो. बाजार पडतोय. मागच्या सीझनच्या शेवटी बार्टलेटने कुमार नावाच्या काल्पनिक देशाच्या मंत्र्याला गुप्तपणे मारायला लावलं होतं, त्या मृत्यूची चौकशी तो देश परत उघडतोय. आणि हे सगळं चालू असताना बार्टलेट काय करतोय, तर सेक्रेटरीच्या जागेसाठी मुलाखती घेतोय. जुन्या सेक्रेटरी, मिसेस लँडिंगहॅम, दुसऱ्या सीझनच्या शेवटी अपघातात गेल्या आणि ती खुर्ची अजून रिकामी आहे. लिली टॉमलिनची डेबी फिडरर तिथे येते. मला हा ट्रॅक फार आवडतो कारण तोसुद्धा तीच गोष्ट सांगतो, या माणसाला त्याच्या तोंडावर खरं बोलणारं कुणी राहिलेलं नाही आणि त्याला ते माणूस परत शोधायचंय. तुमच्या आमदाराच्या घरात किंवा ऑफिसात असं कोण होतं, आणि आता का नाही? हे ठरवा. माझ्या अनुभवात अशी व्यक्ती बहुतेक वेळा जुना ड्रायव्हर नाहीतर आई असते.

टोबीच्या हाताखाली भाषणं लिहिणाऱ्या सॅमचा ट्रॅकही त्यातच. जोश अडकल्यामुळे त्याच्या जागी दिवसभर राष्ट्राध्यक्षाच्या मागे सॅमला उभं राहावं लागतं, आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येक विषयाचा आवाका बघून तो हबकतो. एक माणूस गैरहजर झाला की दुसऱ्याला जागा मिळते. पटकथेत हे फुकट मिळणारं बक्षीस असतं, ते घ्यायला विसरू नका.

आता मला न पटणाऱ्या दोन गोष्टीही सांगतो, नाहीतर तुम्ही हा एपिसोड नमुना म्हणून जसाच्या तसा गिरवाल. एक, बॉम्बस्फोटानंतरचं बार्टलेटचं भाषण. स्फोट ऐकून मदतीला आगीत धावलेल्या, विद्यापीठाच्या पोहण्याच्या टीममधल्या मुलांबद्दल तो बोलतो, भाषण म्हणून ते अप्रतिम आहे, शेवटचा भाग सॅमने गाडीत बसून लिहिलाय हे ऐकून ब्रुनोसुद्धा थक्क होतो. पण ते विद्यापीठ आपण पाहिलेलं नाही, ती मुलं पाहिलेली नाहीत, तो स्फोट भाषणासाठी घडवलाय हे जाणवतं. ११ सप्टेंबरला वर्ष होऊन दोनच आठवडे झाले होते, तेव्हाच्या प्रेक्षकाच्या काळजाला ते भिडलं असणार. मला मात्र ४४ जणांच्या मृत्यूपेक्षा त्या एका बापाचं "थोडंसंच सोपं" जास्त आत जातं, कारण त्याला मी समोर बसलेला पाहिलं. तुमच्या पहिल्या एपिसोडमध्ये अपघात, आग, दंगल असं काही घालायचं मनात असेल तर त्यातली माणसं आधी दाखवा, नाहीतर घालू नका.

दुसरी गोष्ट विरोधक. फ्लोरिडाचा गव्हर्नर रॉबर्ट रिची हा या पूर्ण निवडणुकीचा कच्चा दुवा आहे. त्याला उथळ करून ठेवलंय. पुढे ३० ऑक्टोबर २००२ ला दाखवलेल्या डिबेटच्या एपिसोडमध्ये बार्टलेट त्याला म्हणतो की दहा शब्दांचं उत्तर ठीक आहे पण त्याच्या पुढचे दहा शब्द काय, आणि खेळ तिथेच संपतो. टाळ्या मिळतात, पण निवडणुकीतली धाकधूक जाते. विरोधकाला एक तरी मुद्दा असा द्या की ज्यावर तुमचा आमदार रात्री उशिरापर्यंत जागा राहील. मावशींची एसटी विरोधकाने आधी ऐकली असेल तर?

प्रचारातल्या कामाबद्दल तुमचा थेट प्रश्न नव्हता पण अभ्यासात उपयोगी पडेल म्हणून. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष प्रचाराला सरकारी विमानानेच जातो, आणि राजकीय कामाच्या खर्चाचा वाटा प्रचारनिधीतून सरकारला परत करावा लागतो, त्यामुळे कुठला दौरा सरकारी आणि कुठला राजकीय हा तिथे कायम वादाचा विषय. सरकारी नोकरांनी प्रचारात किती उतरायचं यावर १९३९ चा हॅच कायदा आहे. आणि दोन टर्मची मर्यादा १९५१ पासून घटनेतच आहे, म्हणून बार्टलेटची ही शेवटची निवडणूक, जिंकला तरी पुढे उभं राहायचं नाही. आपल्याकडे आमदाराला अशी मर्यादा नाही, तो पाचव्यांदाही उभा राहू शकतो, म्हणजे त्याच्या मनात "शेवटचं काय करून जायचं" हा विचार आपोआप येत नाही, तो तुम्हाला दुसऱ्या कारणाने आणावा लागेल. आचारसंहिता मात्र तुमच्या हातातलं हुकमी पान आहे. निवडणुकीची घोषणा झाली की नवीन काम जाहीर करता येत नाही, मंत्र्याला सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही. म्हणजे ज्या दिवशी तुमच्या पीएला एसटीचं कळेल त्या दिवशी त्याला फारसं काही करताच येणार नाही. त्या मालिकेत टोबी आणि जोश परत जाऊन पुढच्याच एपिसोडपासून कॉलेजची फी करातून वजा करून मिळावी या कल्पनेच्या मागे लागतात, एका बारमधल्या गप्पांमधून धोरण उभं राहतं. तुमच्या पीएला ती सोय नाही. तो ऐकेल, कळेल, आणि हात बांधलेले असतील. माझ्या मते यात तुमचा एपिसोड त्या एपिसोडपेक्षा जास्त टोकदार होऊ शकतो.

तर आता करायचं काय. सभा काढू नका, मागे ढकला. पाचेक मिनिटं सभा दाखवा, तीही स्टेजच्या मागून, खुर्च्या मोजणाऱ्या, हार पुढे सरकवणाऱ्या माणसांच्या बाजूने. साहेब गाडीत बसतात, ताफा हलतो, धूळ उडते, पीए मागे राहतो. त्याचा फोन पुढच्या गाडीत चार्जिंगला लावलेला असू द्या, नाहीतर तो दोन मिनिटांत दुसरी गाडी मागवेल आणि तुमची गोष्ट तिथेच संपेल. मग त्याला चालू द्या. वाटेत भेटणाऱ्या एकानेही निवडणुकीचा विषय काढायचा नाही, हा नियम स्वतःला घालून तीन सीन लिहा. फार अवघड जातं, मला पहिल्या खेपेला दोन आठवडे लागले होते. आणि त्याने स्वतःची ओळख कधी सांगायची, ती जागा शोधायला हवा तेवढा वेळ घ्या. पहिल्या भेटीत त्याला ती चुकीच्या जागी सांगू द्या, समोरची बाई फडकं घेऊन पुसायला लागू दे. शेवटच्या भेटीत तो गप्प बसेल तितका बसू दे, भजी संपू देत, चहाचे ग्लास विसळून होऊ देत, आणि मग ती विचारेल, कुणाकडला रे तू.